खाडा कुणाच्या नावावर?

दरवर्षी ८ मार्च ते १४ एप्रिल या पाच-सहा आठवड्यांत आमच्या गृहसंस्थेच्या ग्रुपवर एक वाद न चुकता उगवतो. सुरुवात एका फॉरवर्डने होते : भारतातल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा डॉ. आंबेडकरांनी मिळवून दिली. लगेच दुसऱ्या मजल्यावरून उत्तर येते की हे सगळे इंग्रजांनी केले, तेही आंतरराष्ट्रीय दडपणामुळे, प्रत्येक गोष्टीला एकच नाव चिकटवू नका. दोन दिवस ही खडाजंगी चालते. मग तळमजल्यावरचे गृहस्थ, ज्यांचा बारा माणसांचा छोटा व्यवसाय आहे, एकच वाक्य टाकतात : कुणी का दिली असेना, सव्वीस आठवड्यांचा पगार मी देतो, म्हणून हल्ली मी मुली घेतच नाही. त्यावर कुणी रागाचा चेहरा टाकतो, कुणी अंगठा, आणि वाद पाणीकपातीच्या सूचनेखाली गाडला जातो. हेच भांडण जरा बऱ्या भाषेत चर्चासत्रांतही होते, एवढाच फरक.

श्रेयासाठी भांडणारे खर्चाचा विषय काढत नाहीत आणि खर्चाचे रडगाणे गाणाऱ्याला इतिहास ठाऊक नसतो. गंमत अशी की ज्या भाषणाच्या जोरावर पहिला गट श्रेय मागतो, त्याच भाषणात तळमजल्यावरच्या तक्रारीचे उत्तर आहे. ते कुणी वाचत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गरोदर कामगार बाईला मिळालेले संरक्षण योग्यच आहे, सव्वीस आठवडेही जास्त नाहीत. चुकले आहे ते त्याचे बिल. ज्याच्या दारात ती बाई काम करते, त्या एकट्याच्या नावावर आपण ते फाडतो, आणि हे १९२९ पासून चालू आहे. वेळोवेळी आपण रजेचे आठवडे वाढवले, बिलाचा पत्ता तेवढा बदलला नाही.

हा कायदा कुठल्या मातीतून उगवला ते आधी पाहू. पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईत कापड गिरण्यांतल्या साधारण पाच कामगारांत एक बाई होती. त्या बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. भरती नायकिणीच्या, म्हणजे बायकांवर देखरेख करणाऱ्या मुकादमीण बाईच्या, हातात. बाई बाळंत झाली की ती कामावर येत नसे, आणि गिरणीच्या भाषेत न येणे म्हणजे खाडा. खाडा लांबला की जागा गेली. परत घ्यायचे तर नायकिणीला दस्तुरी, म्हणजे लाच, द्यायची, किंवा पोट दिसू न देता शेवटच्या दिवसापर्यंत साच्यापुढे उभे राहायचे. १९२२ मध्ये मुंबईच्या लेबर ऑफिसने डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला नेमले. त्यांच्या अहवालातली लोकांच्या लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे अफू. आई कामावर असताना बाळ रडू नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी देण्याची चाल गिरणगावात जवळजवळ घरोघर होती. त्या आयांना कोण नावे ठेवणार? दहा तास ज्या बाळाला छातीशी धरता येत नाही, त्याला झोपवून ठेवण्याखेरीज त्यांच्या हाती काय होते?

त्याआधी, १९१९ मध्ये, वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय श्रम परिषद भरली होती. तिथे कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. त्या परिषदेने बाळंतपणाविषयी जो करार केला, तो म्हणत होता : बाळंतपणानंतर सहा आठवडे कामावर घ्यायचे नाही, आधीचे सहा आठवडे बाईला रजा घेता आली पाहिजे, आणि या काळात तिला व बाळाला पुरेल इतका पैसा मिळाला पाहिजे, सरकारी तिजोरीतून किंवा विम्याच्या योजनेतून. शेवटचे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे. हिंदुस्थान सरकारने करार स्वीकारला नाही. जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात स्वतःचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मग १९२८ मध्ये आर. एस. आसवले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले आणि १९२९ मध्ये ते मुंबई मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट म्हणून मंजूर झाले. देशातला हा असा पहिला कायदा. सुरुवातीला तो मोजक्या औद्योगिक शहरांपुरता होता, आणि मदत दिवसाला आठ आणे.

म्हणजे श्रेयाच्या भांडणाचा निकाल एका ओळीत लागतो : विधेयक आसवल्यांचे, त्याआधीची वाट जोशींनी मळलेली, आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने सगळ्यात धारदार भाषण केले ते कौन्सिलचे सरकारनियुक्त सभासद डॉ. आंबेडकरांनी. तो दिवसही पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी एप्रिलपासून मुंबईच्या गिरण्यांत सार्वत्रिक संप चालू होता, तो ऑक्टोबरपर्यंत चालला. भोंगे बंद, चाळींत चुली थंड, आणि अशा वेळी सभागृहात चर्चा गिरणीतल्या बाईच्या बाळंतपणाची. इंग्रजांनी दिले म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की सरकारच्या मर्जीने हे व्हायचे असते तर १९२५ मध्येच झाले असते.

आता त्या भाषणाकडे. आंबेडकरांनी दोन पायऱ्यांत युक्तिवाद केला. पहिली पायरी : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. लोकांचे कल्याण जपणे हे सरकारचे पहिले काम, तेव्हा हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी सरळ मान्य केले, आणि जिथे जिथे अशी मदत सुरू झाली तिथे सरकारने काही वाटा उचलला आहे याकडेही बोट दाखवले. दुसरी पायरी : पण म्हणून मालक पूर्ण मोकळा होत नाही. काही उद्योगांत मालक बायका ठेवतो ते पुरुषांपेक्षा त्यात जास्त फायदा दिसतो म्हणून. ज्याला बाई ठेवण्याचा खास फायदा मिळतो, त्याने या खर्चाचा काही भाग तरी सोसलाच पाहिजे.

नीट वाचले तर यात एक हिशेब आहे : मुख्य वाटा समाजाचा, काही वाटा मालकाचा. प्रत्यक्ष कायद्यात काय उतरले? पूर्ण वाटा मालकाचा. सरकारचा शून्य. १९३१ मध्ये रॉयल कमिशन ऑन लेबरने बाकीच्या प्रांतांसाठी असेच कायदे सुचवले, तेव्हाही भार मालकावरच ठेवला. मग एकेक प्रांत त्याच वाटेने गेला, १९४१ मध्ये खाणींसाठी वेगळा कायदा झाला, आणि अखेर १९६१ चा देशव्यापी मातृत्व लाभ कायदा आला. रजा बारा आठवडे. पैसे मालकाचे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा सव्वीस आठवड्यांवर नेली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केले. संसदेत कौतुकाची भाषणे झाली. पैसे मात्र मालकाचेच.

विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा इथे येतो, आणि तो हसण्यावारी नेणे हा आपल्या बाजूचा आळस आहे. ते म्हणतात, ज्या बाईचे रक्षण करायला कायदा केला तिलाच त्याने दाराबाहेर ठेवले. पुरावा म्हणून गिरणगावच दाखवता येते. १९२० च्या दशकात पाचात एक असलेली बाई पुढच्या तीन-चार दशकांत गिरणीतून जवळजवळ नाहीशी झाली. कायदा आल्यावर काही ठिकाणी लग्न झालेल्या तरुण बायका टाळून विधवा आणि वयस्क बायकांना पसंती मिळू लागली. आजही हेच चालते. माझ्या मामेबहिणीच्या मुलीला मागच्या वर्षी पुण्यात एका मुलाखतीत तीन तांत्रिक फेऱ्या पार केल्यावर चौथ्या फेरीत, चहा देता देता, विचारले गेले : लग्नाला किती वर्षे झाली, पुढच्या दोन वर्षांचे काय ठरवलेय? असे विचारणे कायद्यात कुठे बसते ते त्या विचारणाऱ्यालाही ठाऊक असावे, कारण त्याने ते कागदावर लिहून घेतले नाही. १९९० च्या सुमाराला एका मोठ्या सार्वजनिक कंपनीचा भरतीचा फॉर्मच बाईला शेवटची पाळी कधी आली होती ते विचारत असे. सर्वोच्च न्यायालयाने त्या फॉर्मला फटकारले, तेव्हा ते कलम गेले. फॉर्ममधून गेले, मनातून कुठे गेले?

तेव्हा मुद्दा मान्य. कायद्याने मालकाच्या मनात बाईची किंमत वाढवून ठेवली, आणि मालक किमतीप्रमाणे वागतो. पण एवढ्यावरून कायदा नको म्हणणाऱ्यांनी दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. पहिला : गिरणीतून बाई गेली ती केवळ या कायद्यामुळे? बंगालच्या ज्यूट गिरण्यांत बायकांचे प्रमाण १९३० च्या दशकातच उतरणीला लागले होते, आणि तिथला बाळंतपणाचा कायदा आला १९३९ मध्ये. मुंबईत ज्या वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायका होत्या तिथेच नवी यंत्रे आणि ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कमी माणसांत जास्त काम, आधी पोचले. रात्रपाळी वाढली, आणि रात्री बायकांना कामावर घ्यायला कायद्याने बंदी होती. मंदीनंतर कामाच्या शोधात कोकण-देशावरून येणाऱ्या पुरुषांची रांग गेटाबाहेर लागलेलीच होती. आठ आण्यांच्या मदतीवर या सगळ्याचे खापर फोडणे मालकांना सोयीचे होते. आपण का फोडावे?

दुसरा प्रश्न : कायदा नव्हता तेव्हा बाईला काम ‘मिळत’ होते म्हणजे काय मिळत होते? पोट लपवून साच्यापुढे उभे राहणे, दस्तुरी, आणि बाळाला अफू. या रोजगाराचा बचाव करायचा असेल तर तो उघडपणे करावा. बारीकसा फरक म्हणून सोडून देऊ नये.

तरी मूळ तक्रार शिल्लक राहते : बिल एकट्याच्या नावावर आले की तो माणूस बिल टाळतो. बरोबर. म्हणूनच १९१९ च्या करारातले ते शब्द महत्त्वाचे, सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून. १९५२ मध्ये हा करार सुधारला, तेव्हा तर त्यात स्वच्छ लिहिले गेले की या लाभाच्या खर्चाची जबाबदारी एकट्या मालकावर व्यक्तिशः कधीही टाकू नये. हे वाक्य मालकांना खूश करायला घातलेले नव्हते. खर्च मालकावर टाकला की तो बाईवर उलटतो, हे तोवर जगभर दिसून चुकले होते. जर्मनीने १८८३ च्या आजारविम्यातच बाळंतिणीला तीन आठवड्यांची मदत बसवली. ब्रिटनने १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यात तीस शिलिंग ठेवले. तिथल्या मालकाला बाई गरोदर आहे की नाही याच्याशी पैशापुरते देणेघेणे राहिले नाही.

युरोपची आरती ओवाळण्याचा मात्र माझा विचार नाही. तिथली सुरुवात आपल्यापेक्षा वाईट होती. १८७७ च्या स्वित्झर्लंडच्या कारखाना कायद्याने बाळंतपणाच्या आधी-नंतर मिळून आठ आठवडे बाईला कामावर यायला बंदी केली, ब्रिटनच्या १८९१ च्या कायद्याने बाळंतपणानंतर चार आठवडे. दोन्हीकडे मजुरी शून्य. संरक्षण म्हणायचे आणि उपास घडवायचा. अशा कायद्याला बायका चुकवणार नाहीत तर काय करणार? आणि या कळवळ्यामागची दृष्टीही साफ नव्हती. बोअर युद्धासाठी भरतीला आलेल्या पोरांचे शरीर कमकुवत निघाले तेव्हा ब्रिटनला आईची आठवण आली, १९०३ मध्ये शारीरिक ऱ्हासाची चौकशी करणारी समिती बसली. आई म्हणजे सैनिक तयार करणारे यंत्र, त्याला तेलपाणी करा. स्त्रीवादी टीकाकार म्हणतात की या सगळ्या कायद्यांच्या मुळाशी बाईविषयी आदर नव्हता, गर्भाविषयी हिशेब होता. मी म्हणतो, खरे आहे. १९२८ च्या भाषणातल्या ‘राष्ट्रहिता’लाही त्याचा थोडा वास येतो, हे नाकारायचे कशाला? पण मूळ हेतू कोता होता म्हणून हक्क कोता होत नाही. रेल्वे इंग्रजांनी कापूस आणि फौजा वाहायला बांधली, म्हणून आपण पंढरपूरला बैलगाडीने जातो का? शिवाय दुसरे टोक पाहा. अमेरिकेत गरोदरपणावरून कामावर भेदभाव करायला बंदी करणारा कायदा १९७८ मध्ये आला, १९९३ मध्ये बारा आठवड्यांची रजा आली, पण बिनपगारी. समान वागणूक, पूर्ण समान, आणि दहाव्या दिवशी बाई कामावर, कारण घरभाडे भरायचे असते. बाईला यंत्र समजून मदत देणे आणि तिला पुरुष समजून मदत नाकारणे, या दोन्हींत तिच्या शरीराचा विचार कुणी केला?

आता कुणी म्हणेल, वर्गणी काढून सगळ्यांनी का भरावे? ज्याला मूल नाही, ज्याने लग्नच केले नाही, त्याने दुसऱ्याच्या बाळंतपणाला हातभार का लावावा? प्रश्न रास्त वाटतो, पण तो विचारणारा म्हातारा होणार आहे की नाही? त्याचे पेन्शन, त्याच्या आजारपणातली नर्स, त्याला रस्ता ओलांडायला मदत करणारा पोरगा, हे सगळे कुणाच्या तरी बाळंतपणातून येणार आहेत. आणि महाराष्ट्राला ही वर्गणी नवी नाही. रोजगार हमीसाठी १९७५ मध्ये आपण व्यवसायकर बसवला. मुंबई-पुण्याच्या पगारदाराच्या खिशातून गेलेल्या पैशाने दुष्काळी गावात बांध घातले गेले. त्याला कुणी विचारले नाही की तुझे शेत आहे का. १९६९ चा माथाडी कायदा तर याहून जवळचा दाखला. हमालाचा मालक रोज बदलतो, सकाळी हा व्यापारी, दुपारी तो. मग रजा, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना द्यायचा कुणी? उत्तर असे काढले की प्रत्येक मालकाने मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची आणि मंडळाने हमालाला लाभ द्यायचे. एवढी साधी युक्ती, आणि तिने पाठीवर पोती वाहणाऱ्याला कायम कामगाराच्या जवळ आणून ठेवले. अंमलबजावणीत बोगस माथाडींपासून दादागिरीपर्यंत किती घाण शिरली, तेही आपण जाणतो. पण ती घाण साफ करायची असते, लेव्हीची कल्पना काही सडलेली नाही.

खरे तर बाळंतपणासाठीही असा विमा आपल्याकडे आहे, आणि तोच बहुतेकांना माहीत नसतो. कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, १९४८ चा कायदा. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यासाठी मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. बाई असो की पुरुष, तेवढेच. बाळंतपणाचे सव्वीस आठवडे महामंडळ देते, मालक नाही. म्हणजे वीस हजार पगाराची मुलगी ठेवली तर बाळंतपणाचा पैसा सगळ्यांच्या वर्गणीतून, आणि तिलाच दोन हजारांची वाढ दिली की पूर्ण अर्ध्या वर्षाचा पगार एकट्या मालकाच्या माथी. या सीमारेषेला काही तर्क आहे का? आमच्या तळमजल्यावरच्या गृहस्थांकडे चाळीस हजारांची एखादी डिझायनर असली, तर तिच्या एका रजेचे २ लाख ४० हजार रुपये त्यांना सोसायचे, शिवाय बदलीचा माणूस. बारा जणांच्या कचेरीला ते जड जाणार. त्यांच्यावर डाफरून काय होणार?

एक सोपा हिशेब करू. शंभर कर्मचारी, त्यांत तीस बायका. प्रत्येकीने तीस वर्षांच्या नोकरीत दोनदा सव्वीस आठवड्यांची रजा घेतली असे धरू. साठ रजा, प्रत्येकी अर्धे वर्ष, म्हणजे तीस वर्षांचा पगार. शंभर जणांच्या तीस वर्षांचा एकूण पगार म्हणजे तीन हजार वर्षांचा. तीन हजारांत तीस : शेकडा एक. शंभर रुपये पगारामागे एक रुपया. ज्या ओझ्याने मुलींच्या नोकऱ्या जातात असे सांगितले जाते, ते सगळ्यांत वाटले तर शेकडा एक भरते, आणि एकाच्या डोक्यावर ठेवले तर त्याचे धंद्याचे गणित मोडते. वजन तेच. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानंतर अपघाताच्या बाबतीत आपण हेच शिकलो. मालकांनी विमा उतरवला, जोखीम वाटली गेली, आणि हातपाय असलेल्या माणसाला कामावर ठेवणे परवडत नाही असे कुणी म्हणाले नाही.

केंद्राला हे कळत नव्हते असेही नाही. २०१८ मध्ये श्रम मंत्रालयाने पंधरा हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांच्या बाबतीत सव्वीसपैकी सात आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. तो प्रस्तावच राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९६१ चा कायदा सामावून घेतला, तेव्हा बिलाचा पत्ता बदलण्याची संधी होती. पत्ता तोच राहिला.

वर्गणीने सगळे सुटेल असा माझा दावा नाही. पगार निधीतून आला तरी सहा महिने काम कोण करणार, ही अडचण राहतेच. ती कमी करण्याचा एकच मार्ग मला दिसतो, रजेवर जाण्याची शक्यता पुरुषाच्याही गळ्यात बांधणे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात, खासगी नोकरीत बापाला कायद्याने काहीच नाही. मुलाखतीत मुलीला जो प्रश्न विचारतात तो मुलालाही विचारावा लागेल, त्या दिवशी तो विचारणे बंद होईल. या विषयावर वेगळा लेख होईल, इथे एवढेच.

कारण याहून मोठा आक्षेप अजून उरला आहे, आणि तो डावीकडून येतो. सव्वीस आठवड्यांची ही चर्चा कुणासाठी? कामकरी बायकांपैकी दहात नऊ असंघटित क्षेत्रात. त्यांना मालकच नाही, किंवा आहे तो कागदावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात रस्त्यावर खडी फोडणाऱ्या मस्टरवरच्या बायकांनाही हा कायदा लागू आहे असे ठणकावून सांगितले. पण त्यांचे नाव निदान मस्टरवर होते. ज्यांचे नाव कुठेच नाही त्यांच्यासाठी अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये किमान सहा हजार रुपये कबूल केले, आणि प्रत्यक्ष आलेल्या मातृवंदना योजनेने पहिल्या बाळासाठी ते पाच हजारांवर आणले. एकीकडे अर्ध्या वर्षाचा पगार, दुसरीकडे पाच हजार. एकाच देशातल्या दोन बाळंतिणी.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि माझ्या मते तोच माझ्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा आहे. मालकाला बिल पाठवण्याच्या पद्धतीत ज्याला मालक नाही तो बाहेर पडणारच. बीड जिल्ह्यात जा. ऊसतोडीला नवराबायकोची जोडी जाते, आणि त्या जोडीला म्हणतात एक ‘कोयता’. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याच्या नावावर, बाईचे वेगळे नाव वहीत नाही. एक दिवस फडात गेली नाही की खाडा, आणि खाड्याला दंड. गिरणगावातला शब्द शंभर वर्षांनी उसाच्या फडात जिवंत आहे, आणि अर्थ अजून कडक झाला आहे. पाळीमुळे खाडा पडतो, म्हणून गर्भाशयच काढून टाकायचे, अशा कहाण्या २०१९ मध्ये बाहेर आल्या. राज्याने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमधल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या प्रत्येकीचे कारण खाडाच होते असे नाही, डॉक्टरांचा लोभ आहे, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे आहेत. पण डॉ. बार्न्स यांच्या अफूच्या गोळीशी हे जोडून पाहा. तिथे बाळाला झोपवले जात होते, इथे बाळाची जागाच काढली जाते. दोन्हीकडे हिशेबाची वही एकच.

या बाईचा मालक कोण? मुकादम? तो म्हणेल मी मध्यस्थ. कारखाना? तो म्हणेल आमचा करार वाहतूकदाराशी. ऊस ज्याचा तो शेतकरी? त्याचे तर नावही तिला माहीत नसते. १९२९ च्या पद्धतीने बिल फाडायला बसलात तर पत्ता सापडायच्या आत हंगाम संपेल. पण टन सापडतो. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे हे ठरलेलेच आहे. तो ऊस तोडणारा हात बाईचा होता की पुरुषाचा, गरोदर होता की नाही, हे काट्यावर कुणी विचारत नाही. या दहांत थोडी भर घालून, हंगामात बाळंत होणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाने, कोयत्याच्या नव्हे, खाड्याच्या दिवसांची मजुरी द्यायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. महामंडळाचा एक ठराव, आणि मुकादमाच्या वहीत बाईच्या नावाचा वेगळा रकाना.

ग्रुपवर मी हे सगळे लिहिले नाही, तिथे एवढे कोण वाचणार. तळमजल्यावरच्या गृहस्थांना जिन्यात गाठून शेकडा एकाचा हिशेब सांगितला. त्यांनी तो फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोनदा करून पाहिला. म्हणाले, एक टक्का मी उद्या भरतो हो, पण बाकीचेही भरणार असतील तर.